विहिरीच्या खिळ्यावरची ढलपी

कॅसलरॉकच्या एका लाकूड डेपोत मी कारकून होतो तेव्हा तिशीच्या आत होतो आणि बोलायला माणूस नव्हतं. घर खानापूरकडं, भोवती जंगल, समोर ओंडके. आगगाडी थांबली की खिडक्यांतले चेहरे बघून घ्यायचे, बस्स. खोटं कशाला सांगू, कधीकधी मी ओंडक्यांवरच खेकसायचो. ऐकून घेणारे तेवढेच होते.

एक ओंडका शोधायचा म्हणजे पाच वह्या. पहिलीत जंगल, दुसरीत त्या जंगलातला तोडणीचा पट्टा, तिसरीत लाकडाची जात, चौथीत थप्पी, पाचवीत ओंडक्याचा नंबर. त्या वह्यांतली वाट फक्त मला ठाऊक. म्हणून डेपोतून स्टेशनात ओंडके नेणारा म्हातारा गाडीवान रोज माझ्या खोलीत यायचा. कुंभारवाड्याकडचा. मी त्याला मामा म्हणायचो, तो मला मास्तर. मी पानं उलटायचो, तो उंबऱ्याशी चहा पीत बैलांच्या खोड्या सांगायचा. नोंद सापडली तरी मी उगाच दोन पानं जास्त उलटायचो.

एकदा ओंडके वेळेत न सापडल्यानं आगगाडीचा मालाचा डबा रिकामा गेला आणि बेळगावहून मालक आले. "तुमच्या वह्यांत दिवस जातो. पुढचा डबा चुकला तर गाठोडं बांधा." झालं! मी इरेला पेटलो. वाचता न येणाऱ्यालाही ओंडका सापडला पाहिजे, अशी सोय करायचं ठरवलं.

पडवीत एक लांबरुंद फळी ठोकली, तिच्यावर वह्यांच्याच क्रमानं जंगल, पट्टा, जात असं सुबक अक्षरांत रंगवलं. मामानं बराच वेळ बघितलं. "झ्याक हाय. पर मास्तर, म्या हितं कुठं उभा हाय?"

मला राग आला. चार दिवस खपून केलेलं काम! पण म्हाताऱ्याचं खरं होतं. जंगलापासून सुरुवात मालक करतात. गाडीवान फाटकापासून करतो. मग सगळं उलटं केलं. वर डेपोतल्या जागा: फाटक, आंबा, विहीर. त्यांची चित्रं. प्रत्येक चित्राखाली थप्प्यांचे खिळे, खिळ्यावर ओंडक्याची खूण. ती खूणही मामानंच सुचवली. "अक्षरं कशाला? त्याच लाकडाची ढलपी टांगा की. सागवान म्या वासावर वळकतो." ढलपीला जंगलाप्रमाणे रंग लावला, नंबराच्या सारख्याच खाचा ढलपीवर आणि ओंडक्यावर पाडल्या. महिनाभर तो रोज बसून ढलप्या तासायचा, मी रंगवायचो. त्या महिन्याइतका सुखात मी त्या गावात कधीच नव्हतो.

फळी पुरी झाली आणि मामा आत यायचा बंद झाला. का येईल? पडवीत यायचा, ढलपी चाचपायचा, "सापडलं, मास्तर!" म्हणून ओरडायचा आणि गाडी हाकायचा. मालक खूश. मी मात्र आत दोन कप चहा करायचो आणि दोन्ही मीच प्यायचो. माझ्याच हातांनी मी माझ्या दाराला कडी घातली होती.

एका सकाळी शिसवीचा एक ओंडका डब्यात जायचा होता. मी त्याची ढलपी फाटकाच्या खिळ्यावरून काढली आणि विहिरीच्या खिळ्याला लावली. एवढंच. ओंडका सापडला नाही की मामा आत येईल, मी वह्या काढीन, तो बसेल.

तो आला नाही. विहिरीजवळच्या थप्प्या एकेक करून धुंडाळत राहिला. खिडकीतून मी बघत होतो. आता येईल, आता येईल. ऊन चढलं. तो वाकून प्रत्येक ओंडक्याला नाक लावत होता, बोटांनी खाचा चाचपत होता. बाहेर जाऊन सांगावं असं दहादा वाटलं. पाय उचलला नाही, कारण सांगायचं काय, हेच सुचेना. तिकडं डबा शिसवीवाचून गेला.

मग तो आला. मी घाईघाईनं चहा ओतला. "बसा मामा."

तो बसला नाही. "फळी चुकायची न्हाई, मास्तर. आपुन दोघांनी केलीया. माझीच नजर गेली, नाकबी गेलं. मालकास्नी सांगा, म्हाताऱ्यानं डबा चुकवला. तुमच्यावर न्हाई यायचं."

"तसं नाही मामा," मी म्हणालो. पुढचं वाक्य तोंडात होतं. मालकांचं "गाठोडं बांधा" आठवलं आणि मी ते गिळलं.

"व्हय, तसंच हाय. उद्यापास्नं जावई येईल गाडी घेऊन."

तो गेल्यावर मी ढलपी पुन्हा फाटकाच्या खिळ्याला लावली. दुसऱ्या दिवशी जावई आला. त्यानं फळी बघितली, शिसवीचा ओंडका गाडीत चढवला आणि आत न डोकावता निघून गेला.