तीनदा तपासणारे इस्माईलचाचा

पहिल्याच दिवशी इस्माईलचाचा माझ्या हातातल्या मीटरकडे असे बघत राहिले, जणू तो चोरीचा माल आहे. आखातात, अम्गराच्या कारखान्यात मी नवा इंजिनिअर, ते रत्नागिरीकडचे जुने इलेक्ट्रिशियन. ज्या तांब्याच्या पट्ट्यांवरून सगळ्या मशिनांना वीज जाते, त्या बसबारला, आमच्या बोलीत 'बस'ला, हात लावण्याआधी ते मीटर तीनदा लावत. आधी चालू सॉकेटला, मग बसला, मग पुन्हा सॉकेटला.

"बस मेलीय असा मीटर सांगतो. पन मीटर जिता हाय असा कोन सांगनार, सायब?"

मला ते टोचायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला; चाचा सातवी नापास. त्यात मुदीरशी, म्हणजे मॅनेजरशी, ते अरबीत बोलत आणि बोलता बोलता माझ्याकडे बघत. माझ्या चुगल्याच चालल्यात, याबद्दल मला शंका नव्हती.

एका दुपारी बसचा एक जोड तापून काळा पडलेला दिसला. ट्रान्सफॉर्मरकडून येणारा ब्रेकर मी स्वतः बंद केला, बसला मीटर लावला. शून्य. पाना उचलला, तर चाचांनी मनगट धरलं.

"आधी सॉकेट."

"चाचा, शिकून आलोय मी."

"मंग दोन मिन्टांत काय इसरनार हाव?"

रागारागाने मीटर चालू सॉकेटला लावला. तिथंही शून्य! मीटरची वायर आतून तुटलेली. चाचांनी आपला मीटर आधी सॉकेटला, मग बसला लावला. चारशे दहा व्होल्ट. शेजारच्या बसशी जोडणारा ब्रेकर मी बंदच केला नव्हता; तिकडून वीज येत होती.

संध्याकाळी चाचा मुदीरच्या केबिनमध्ये शिरले. नोकरी गेली, असं समजून मी दाराला कान लावला. अरबी काही कळेना. बाहेर येऊन म्हणाले, "स्टोअरमधून नवी वायर घ्या. जुनी उंदरानं खाल्ली, असा सांगितलाय."

पुढे चाचा कायमचे गावी परतले. काही वर्षांनी तिकडे सालमियात राहणाऱ्या एका ओळखीच्याने कळवलं, चाचा गेले. माझा विश्वास बसेना. आधी आईला फोन केला, लागला. मग चाचांच्या घरी. घंटा नुसती वाजत राहिली. पुन्हा आईला लावला.

"आत्ताच तर ठेवलास! काय झालं रे?"

फोन ठीक होता.