मागं पट्टी असलेली सँडल

चपलांच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा असतो. साडीचं मला फारसं कळत नाही, सोन्याचं त्याहून नाही. पण पायात काय घालावं हे मी भल्याभल्यांना सांगू शकते, आणि न विचारता सांगते. शाळेतल्या बायका नवी चप्पल घेतली की आधी माझ्यासमोर आणून ठेवतात. मी ती हातात घेऊन वाकवते, टाचेखाली अंगठा दाबून बघते आणि तोंडावर सांगते की बाई, ही लग्नात मिरवायला ठीक आहे, फळ्यासमोर दिवसभर उभं राहायला नाही. त्यांना राग येतो. पुढच्या वेळी मात्र दुकानात मलाच सोबत नेतात.

हे शहाणपण काही मला फुकट मिळालं नाही. नांदेडला माझं बालपण एक माप मोठ्या चपलांत गेलं. पाय वाढतोय म्हणून आई मुद्दाम मोठं माप घ्यायची आणि बुटात तर पुढं कापूस कोंबायची. पाय त्या मापाला येईपर्यंत बुटाचा तळ गेलेला असायचा. कॉलेजात गेल्यावर मी याचा सूड उगवला. वजिराबादच्या बाजारातून टोकदार, उंच टाचेची सँडल आणली आणि मैत्रिणींवर छाप पाडायला ती घालून नदीच्या घाटावर गेले. परत येताना सँडल हातात होती आणि दोन्ही टाचांवर फोड होते. तेव्हापासून मी चप्पल डोळ्यांनी घेत नाही. ती संध्याकाळी घ्यावी, दिवसभर उभं राहून पाय जरा फुगलेला असतो तेव्हा. दुकानात बसून नाही, चार चकरा मारून बघावी. आणि दुकानदार ‘घालून घालून सैल होईल’ असं म्हणाला की सरळ उठावं.

माझं सासर शिरूर अनंतपाळजवळच्या एका खेड्यातलं. नोकरीमुळं आम्ही नवरा-बायको लातूरला राहतो आणि सासूबाई गावी. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी जन्मात कधी चपलांच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. त्यांच्या चपला मापानं यायच्या आणि माप म्हणजे तुराटी. तुरीची वाळलेली काडी पायाच्या लांबीएवढी मोडायची आणि बाजाराला जाणाऱ्याच्या हातात द्यायची. सासरे होते तोवर ते तुराटी खिशात घालून उदगीरला जात. नंतर हे काम माझ्या नवऱ्याकडं आलं. आता तुराटी लांबी सांगते. पंजाची रुंदी, अंगठ्याजवळचं वर आलेलं हाड, टाचेच्या भेगा यातलं तिला काय कळणार? त्यामुळं आत्यांची प्रत्येक चप्पल लांबीला बरोबर आणि बाकी सगळीकडं चूक असायची. त्याही ती मुकाट्यानं झिजवायच्या.

आत्यांना साखर आहे हे आम्हाला बरीच वर्षं माहीत होतं. मागच्या हिवाळ्यात लातूरच्या डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक बारीक दोरा तळपायाला टेकवत विचारलं, लागतंय का. आत्या म्हणाल्या, आधी लावा तरी. डॉक्टर केव्हाचे लावतच होते. मी शेजारी उभी राहून बघत होते. पायाला काही टोचलं तरी आता त्यांना कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एखादी जखम चिघळली तर पाय गमावायची वेळ येऊ शकते. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, घरातसुद्धा. चप्पल पायातून निसटणारी नको. मऊ तळाची, मागं पट्टी असलेली सँडल घ्या. हे काम माझंच होतं. मी त्याच संध्याकाळी त्यांना गंजगोलाईच्या बाजारात घेऊन गेले.

दुकानासमोर आत्यांनी कमरेच्या पिशवीतून तुराटी काढून माझ्यापुढं धरली. गावाहून निघतानाच मोडून आणली होती. मी गाडीत बसते, तू घेऊन ये, असं त्यांचं म्हणणं होतं. मी तुराटी घेतली आणि माझ्या पर्समध्ये टाकून त्यांचा हात धरला. दुकानात गेल्यावर त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पदर पायावर ओढून. परक्या माणसानं पायाला हात लावायचा म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. मग मीच खाली बसले आणि एकेक जोड घालून बघितला. शेवटी मनासारखी सँडल मिळाली. पंजाला रुंद, आतून मऊ, तळ जाड पण वजनाला हलकी. मागची पट्टी वेल्क्रोची, दाबली की चिकटणारी होती, म्हणजे वाकून बक्कल लावायची कटकट नाही. दुकानदारानं ती कशी काढायची हे दाखवायला चर्रकन ओढली, तशा आत्या दचकल्या.

“ह्याचा लई आवाज हुतोय,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, होऊ द्या की, कुठं चोरी करायला जायचंय? दुकानदार हसला. आत्या हसल्या नाहीत. त्या मागं पट्टी नसलेल्या, नुसत्या पाय सरकवायच्या चपलेकडं बोट दाखवत राहिल्या. काढायला सोपी हवी, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला वाटलं, सवयीचा प्रश्न आहे. चार दिवस घातली की माझं नाव काढतील. सँडल बांधून घेऊन मी ऐटीत बाहेर पडले.

त्यानंतर दर शनिवारी गावी गेले की मी आधी त्यांचे पाय बघायचे. उंबऱ्याशी सँडल नीट ठेवलेली असायची आणि पायही ठीक असायचे. मग एका शनिवारी सँडल हातात घेतली तर मागची पट्टी टाचेखाली पार दाबून चपटी झालेली. मी निवडलेली, डॉक्टरांनी सांगितलेली सँडल आत्यांनी चप्पल करून टाकली होती. त्यांचा पाय मांडीवर घेतला तर तळव्यात बाभळीचा काटा, आत मोडलेला, भोवती लाल सूज. कधीपासून होता त्यांना माहीत नव्हतं. तो रुतल्याचंच त्यांना माहीत नव्हतं.

मी चिडले. सासू असो की आणखी कुणी, त्या क्षणी मला काही दिसत नव्हतं. पाय गेल्यावर कळणार आहे का, असं मी त्यांना थेट विचारलं. सँडल पायात असताना काटा तळव्यापर्यंत गेला कसा, हेही विचारलं. आत्यांनी पाय माझ्या मांडीवरून ओढून घ्यायला बघितलं. मी भीतीनं ओरडत होते हे मला आतून कळत होतं, पण आवाज काही खाली येत नव्हता. शेवटी चिमट्यानं काटा काढला, जागा धुतली, स्वच्छ कापड बांधलं, त्यावर सँडल चढवली आणि मागची पट्टी ताणून घट्ट लावली. नवरा गाडी घेऊन उदगीरला गेलेला होता. त्याची वाट बघायची माझी तयारी नव्हती. आरोग्य उपकेंद्र गावातच, नर्सबाईंकडून मलमपट्टी करून घ्यायची म्हणून आम्ही दोघी चालत निघालो.

एरवी मी त्या गावात चालतच नाही. लग्नाच्या वरातीपासून आमची गाडी थेट दारात थांबत आलेली आहे. त्यामुळं चावडीकडून जाणारा रस्ता मला गाडीच्या काचेतूनच माहीत. त्या दिवशी चावडी दिसायला लागली तशा आत्या हळू झाल्या, पदर पुढं ओढला आणि भिंतीला हात टेकून पायाकडं वाकल्या. मला वाटलं, सँडल चावतेय. मी विचारलं, घट्ट झाली का?

“न्हाई. चावडी आलीया. थोरले बसलेत.”

थोरले म्हणजे त्यांचे थोरले दीर. चावडीवर वडीलधारे बसलेले असले की बायकांनी पायातलं काढून हातात घ्यायचं आणि खाली मान घालून निघून जायचं, हे मला लग्नात कुणीतरी सांगितलं होतं. मी ते जुन्या काळातलं म्हणून सोडून दिलं होतं. आत्या मात्र सून होऊन आल्यापासून रोज हेच करत आल्या होत्या. सगळं एकदम माझ्या ध्यानात आलं. दुकानात आवाजाची धास्ती कसली होती, पट्टी का दाबली, काटा कुठं लागला. समोर रस्त्यावर कुंपणाच्या बाभळीच्या फांद्या ओढून नेल्याच्या खुणा होत्या. मला त्या सगळ्या गावाचा राग आला.

मी खाली बसून त्यांचा हात पट्टीवरून बाजूला केला. म्हटलं, “आत्या, ही आज सुटणार नाही. कुणी काही बोललं तर मी बघते.” त्यांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा दंड धरला आणि चालू लागले. पदर आणखी पुढं ओढून त्या आल्या.

थोरले दीर काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. त्यांच्याजवळ तिघं जण मोबाईलमध्ये मान घालून होते. मी भांडणाच्या तयारीनं एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. कुणी मान वर केली नाही. आम्ही पार पुढं निघून गेलो.

आत्या थांबल्या आणि वळून बघत राहिल्या.

“कुनी बगितलं बी न्हाई.”

मी म्हटलं, बरंच झालं की.

“बरं कसलं, बाई. कवापासनं बगत नव्हते, कुनाला म्हाईत.”

आत्यांनी एका घराच्या पायरीच्या दगडावर पाय ठेवला आणि मागची पट्टी ओढली. चर्र असा आवाज सगळ्या रस्त्यावर झाला. मग ती ताणून पुन्हा लावली, आणि दुसऱ्या पायाचंही तसंच केलं. चावडीवरून थोरल्यांचा आवाज आला, कोन हाय ते? ज्यांच्यासमोर त्यांनी जन्मात मोठ्यानं शब्द काढला नव्हता त्यांच्याकडं तोंड करून आत्या उभ्या राहिल्या.

“मी हाय,” त्या म्हणाल्या. “दवाखान्याला निगालेय.”

येतानाही आम्ही त्याच रस्त्यानं आलो.