"सवयी काही नाहीत, सर"

"फुप्फुस कोलॅप्स झालंय," घाटकोपरच्या हॉस्पिटलमधल्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टर म्हणाल्या. न्यूमोथोरॅक्स. म्हणजे फुप्फुसाला भोक पडतं, हवा बाहेर येऊन छातीत साठते आणि फुप्फुसालाच दाबून टाकते. एक्स-रे माझ्या मुलाचा, ओंकारचा. तो याच हॉस्पिटलच्या कॉलेजात डॉक्टर व्हायला शिकतो.

दोन दिवस छातीत दुखत होतं. गेटसमोरच्या टपरीवर त्याचा जिगरी दोस्त सर्वेश याने स्टेथोस्कोप लावून 'मसल पुल' ठरवून टाकलं. दुसऱ्या हातात सिगारेट. हे म्हणे उद्याचे डॉक्टर!

बरगड्यांमधून नळी घातली. तिला इंटरकोस्टल ड्रेन म्हणतात. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा बाहेर आली की बुडबुडे येतात, भोक बुजलं की थांबतात. मी दिवसभर त्या बाटलीकडे बघत बसायचे.

नळी घातली त्या संध्याकाळी ओंकार म्हणाला, "आई, मी ओढतो. रोज. पण इथे कुणाला बोलू नको ना, प्लीज."

अ‍ॅप्रनला वास यायचा तेव्हा म्हणायचा, बाकीचे ओढतात. मला खरं वाटायचं. जो फुप्फुसं शिकतोय, त्याला मुलुंडच्या आईने काय शिकवायचं!

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठे सर आले. तेव्हा विद्यार्थ्यांनी पेशंटची सगळी माहिती सरांना तोंडी सांगायची असते. ओंकारची केस सर्वेशकडे होती. घरात टीबी आहे का, दमा आहे का, सगळं त्याने मला विचारलं होतं. तेवढं घडाघडा बोलला आणि शेवटी म्हणाला, "सवयी काही नाहीत, सर."

माझं डोकंच फिरलं. हे दुसऱ्यांच्या आजाराचं मूळ शोधणार, आणि मित्राचं झाकणार!

"ओढतो तो," मी म्हटलं. "रोज ओढतो. आणि हा सर्वेश बाजूला उभा राहून ओढतो."

मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी माना खाली घातल्या. सर सर्वेशला म्हणाले, "तू पेशंटची हिस्टरी घेतलीस की दोस्ती निभावलीस?" मग ओंकारला म्हणाले, "ओढत राहिलास तर हे परत होऊ शकतं. दुसऱ्या बाजूलासुद्धा."

"आई, माझी पार वाट लावलीस," एवढंच ओंकार बोलला. मग दोन दिवस अबोला. म्हटलं, नको बोलूस. बोलायला श्वास लागतो, तो आधी परत येऊ दे.

बुडबुडे थांबले, नळी निघाली. त्या सरांचे आणि नळी सांभाळणाऱ्या सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. ओंकारने अजून तरी सिगारेटला हात लावलेला नाही. तुमचं पोर मेडिकलला असेल, तर 'त्याला सगळं कळतं' म्हणून गप्प बसू नका. कळतं, तरी ओढतात. लाज सोडून विचारा.

मध्यंतरी सर्वेश घरी आला. "काकू, मी पण सोडतोय."

"सोडली म्हणायला ये," मी दारातूनच म्हटलं. "मग चहा देईन."

अजून आलेला नाही.