कोतातल्या बंदुका आणि आमचा शिवराज अण्णा

बंदुकीच्या नळीतून चिंदी ओढली की थोडं काळं निघतंच. दहा वेळा ओढा, अकराव्यांदाही निघतं! पलटणीतल्या किस्स्यांचं तसंच आहे. मी बिदरकडच्या जनवाड्याचा, बावीस वर्षं फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुकांचा मिस्त्री. पलटणीच्या हत्यारघराला कोत म्हणतात, तिथंच माझी उमर गेली. आता मैलूरला घर बांधलंय. सकाळी चहाच्या टपरीवर शिवराज अण्णा येऊन बसला की एकातून एक निघत राहतंय.

शिवराज मादन हिप्परगा गावचा. मी दुरुस्तीवाला, तो खरा लढणारा जवान. पलटणीत त्याची माझी पहिली भेट झाली तेव्हा तो उस्तादांच्या शिव्या खायलाला. उस्ताद म्हणजे आमचे सुभेदार साहेब, पंजाबचे. ते पुर्जे दाखवून नावं विचारायचे. अण्णाला इंग्रजी नावं काही केल्या ध्यानात राहीनात. त्यानं आपल्या बिदर-गुलबर्ग्याच्या बोलीत सुरुवात केली, "साब, ये नल्ली. ये घोडा. ये कमानी. ये ढक्कन."

उस्ताद ओरडले, "ये रायफल है या तेरी दादी का पानदान?"

पुढच्या महिन्यात स्पर्धा लागली. डोळ्यांवर पट्टी बांधायची, रायफल खोलायची आणि परत जोडायची. बाकीचे मनात इंग्रजी नावं घोकत चाचपडायलाले. अण्णा मात्र मोठ्यानं म्हणायलाला, "ढक्कन निकाल, कमानी खींच, कुंडी सरका, डब्बा उतार!" अन् हात त्याच तालावर. दुसऱ्याची रायफल अजून खुलीच होती, तेवढ्यात अण्णानं जोडून, घोडा दाबून, टक् वाजवून दाखवला!

 दुसऱ्या दिवसापासून उस्ताद अख्ख्या कंपनीला त्याच तालावर शिकवायला लागले. सहा महिन्यांनी गढवालचा एक नवा जवान माझ्याकडं रायफल घेऊन आला आणि अण्णाच्याच बोलीत काय म्हणावं?

"मिस्त्री साब, कमानी बैठरीच नै!"

*

फौजेत बंदुकीचं तेल वेगळं मिळतं. एकदा शिवराजची बाटली संपली आणि दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन! माझ्याकडं यायचं तर मी ओरडणार. त्याच्या आईनं गावाकडून करडीचं तेल पाठवलेलं होतं, घाण्याचं. ह्यानं रायफलीला तेच चोळलं.

सकाळी रायफल अशी चमकली की साहेबांनी ती हातात घेऊन सगळ्यांना दाखवली. "ऐसी होनी चाहिए!"

मग फायरिंगला गेलो. आठ-दहा गोळ्या झाल्या, नळी तापली, अन् सगळ्या मैदानावर भज्याचा वास सुटला! सकाळपासून उपाशी जवान माना वळवून बघायलाले. उस्ताद वास घेत घेत एकेकाच्या मागं फिरले आणि अण्णापाशी थांबले.

"शिवराज, फायर बाद में कर. पहले बता, प्याज डाला क्या?"

हसून झालं, पण ते तेल वाळून गोंदासारखं चिकट झालेलं. रॉकेलमध्ये धुता धुता माझी बोटं सोलली. त्या दिवसापासून मी तेलाच्या बाबतीत लईच कडक झालो.

*

तो कडकपणा पुढं कामाला आला. आमची पलटण उंचावरच्या चौकीवर गेली. तिथं थंडी अशी की चहा कपातच गोठायचा. जास्त तेल दिलं तर तेही बंदुकीत थिजतं आणि ऐन वेळेला बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, हलत नाही. मी सगळ्या रायफली पुसून कोरड्या करवल्या, वर नुसतं बोट फिरवल्याएवढं तेल. शेजारच्या चौकीवाले हसायचे, "तुम्हारा आर्मरर कंजूस है!"

आमच्याही काही जणांना वाटायचं, हा कामून एवढा मागं लागलाय? रोज सकाळी मी एकेक बोल्ट मागं ओढून बघायचो. एक जरी अडकला असता अन् समोरून कुणी आलं असतं, तर जीव कुणाचा गेला असता? मला झोप लागायची नाही.

एक दिवस ब्रिगेडियर साहेब न सांगता आले. दोन्ही चौक्यांना हुकूम दिला, "आत्ता, इथंच, फायर!" शेजारच्यांच्या अर्ध्या बंदुका टक् करून गप बसल्या. आमची एकूणएक वाजली! डोंगरातून आवाज घुमून परत आला तेव्हा माझे डोळे भरून आले, पण तिथं पाणीसुद्धा पापणीवर गोठतं.

साहेबांनी विचारलं, "कैसे?"

कुणी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाला, "साब, हमारे उधर तेल बहुत महंगा है!"

*

एक तरुण कॅप्टन साहेब नवीन आलेले. हुशार, पण रागीट. त्यांच्या पाच गोळ्या टार्गेटवर पाच दिशेला. तिथूनच ओरडले, "आर्मरर! इसकी शिस्त टेढी है!"

शिस्त म्हणजे नेम धरायची खूण; ती जुळवून घेणं म्हणजे रायफल झिरो करणं. ती थोडी सरकली तर गोळ्या बाजूला जातात हे खरं, पण मग सगळ्या एकाच जागी जातात. साहेबांच्या तर अंगणात दाणे टाकल्यासारख्या! हे तोंडावर सांगायचं कसं? माझी चौदा वर्षांची नोकरी, त्यांची तीन वर्षांची, पण खांद्यावरचे तारे त्यांचे.

मी म्हटलं, "सर, दुसऱ्या कुणाकडून तपासून बघतो." लंगरातला आमचा स्वयंपाकी भाजी चिरायलाला. त्याला बोलावलं. त्यानं हात पुसले, आडवा झाला, त्याच रायफलीनं पाच गोळ्या मारल्या. पाची मधोमध, पुरीएवढ्या जागेत!

 आता माझं काही खरं न्हाई, असं वाटलं. साहेबांनी टार्गेट बघितलं, रायफल बघितली, मग माझ्याकडं वळले.

"आर्मरर, रायफल ठीक आहे. कॅप्टनला झिरो करा!"

पंधरा दिवस रोज संध्याकाळी माझ्या शेजारी झोपून ते शिकले. त्या वर्षी ऑफिसरांत पहिला नंबर त्यांचाच!

*

शिवराज डावखुरा. आमची रायफल मात्र उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली. रिकामं, तापलेलं काडतूस उजवीकडं उडतं. डाव्या खांद्यावर रायफल धरली की ते तोंडासमोरून जातं. म्हणून उस्तादांनी त्याला बळंच उजव्या हातानं फायर करायला लावलं.

दहा गोळ्या प्रत्येकी. अण्णाचं टार्गेट कोरं! शेजारच्या जवानाच्या टार्गेटवर मोजली तर चौदा भोकं!

उस्ताद कपाळाला हात लावून त्या शेजारच्याला म्हणाले, "शाबास! दस गोली में चौदह निशाने!"

मी उस्तादांना हात जोडले, "साहेब, एक डाव डाव्या हातानं मारू द्या." अण्णानं कॉलरची बटणं गळ्यापर्यंत लावली. पहिलं काडतूस गालाला चाटून गेलं, चर्रकन भाजलं. गडी जागचा हलला नाही. दहाच्या दहा काळ्या गोलात!

गालावरचा तो डाग अजून आहे. नातेवाईक विचारतात, "लढाईत लागलं का हो?" अण्णा छाती काढून म्हणतो, "व्हय. उजव्या हाताविरुद्ध!"

*

नोकरीची शेवटची दोन वर्षं मी गुलबर्ग्याला एनसीसीत होतो. कॅम्पला आळंद तालुक्यातली सावित्री नावाची एक पोरगी आली. बुटकी, सडपातळ. तिचा नेम कधी वर, कधी बाहेर. शिकवणाऱ्यांनी सगळे उपाय केले, श्वास धर, कोपर टेक, डोळा मिट. शेवटी राज्याच्या टीमच्या यादीतून तिचं नाव खोडायचं ठरलं. ती एकटीच जमिनीवर झोपून रिकामी रायफल रोखत राहायची.

मी लांबून बघितलं. पोरगी चांगली होती, पण मान लई ताणत होती! बंदुकीचा लाकडी दस्ता तिच्या हाताला लांब पडायलाला. गाल जागेवर टेकतच नव्हता, मग डोळा शिस्तीत येणार कसा? जुन्या रायफलींना लांब, मध्यम, आखूड असे दस्ते असतात. आखूड कुणी मागत नाही, म्हणून कोतात मागच्या रॅकवर धूळ खात पडलेला. परवानगी काढली, दस्ता बदलून दिला, रायफल झिरो करून घेतली.

शेवटच्या दिवशी कर्नल साहेब आले. सावित्रीनं रायफल खांद्याला लावली. गाल अल्लाद टेकला. पाच गोळ्या.

टार्गेट आणलं तर पाची एका रुपयाखाली झाकतील अशा! पोरींनी तिला उचलून घेतलं. यादीत तिचं नाव पहिलं आलं. कर्नल साहेब जवळ गेले. मी मागं उभा, मिशी सारखी करायलालो.

साहेबांनी विचारलं, "बेटा, किसने सिखाया?"

सावित्री सावधानमध्ये ताठ उभी राहिली.

"सिखाने कू तो सब्बी सिखाए सर. मेरे नाप की बंदूक पैली बार मिली!"