चार बोटांची दुमड

टेपमास्तरांना गळ्यात इंचटेप नसताना कुणी पाहिलं असेल, तर ते फक्त त्यांच्या न्हाव्यानं. अकरा वर्षं ते शिवणशाळेत पोरींना शिवण शिकवत आले. त्यांच्या हाताखालच्या पोरी दुकानं थाटून बसल्या. आणि यंदा वरून कागद आला की शिकवणारा बारावी पास पाहिजे, नाहीतर वर्षअखेरीस घरी बसा.

मास्तरांनी सत्तावन्नाव्या वर्षी फॉर्म भरला. बाकीचे विषय ढकलत ढकलत सुटले. गाडं अडलं साहित्याच्या तोंडी परीक्षेत. तोंडीला वर्षात तीन खेपा मिळतात. एकच कथा, आणि तिच्यात दोनदा नापास. आता तिसरी खेप, शेवटची.

कथा जुनी, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातली. बारा वर्षांची पोर, आई आदल्या वर्षी आजारपणात गेलेली. आईनं शिवलेला फ्रॉक आखूड होतो, लोक हसतात, पोर तो कोपऱ्यात फेकते. मग एक दिवस बाप पुलावर एकटाच रडताना दिसतो. ती घरी येते, फ्रॉकची खालची दुमड उसवते. आतून चार बोटं कापड निघतं आणि फ्रॉक नीट बसतो. संपली कथा.

शिकवायला घरचीच सूनबाई, कॉलेजात शिकलेली.

"मामा, प्रश्न एकच विचारतात. मुलगी मोठी कधी झाली?"

"मोठी कसली! फ्रॉक आटला. सुती कापड न भिजवता बेतलं की दुसरं काय होणार?"

"मामा! दोन्ही वेळा हेच सांगितलंत?"

"खोटं कशाला सांगू?"

सुनेनं कपाळाला हात लावला आणि गाईडचं उत्तर पाठ करायला दिलं: 'बापाचे अश्रू पाहून तिचे बालपण संपते.' मास्तर मशीनवर बसले की पायडलच्या ठेक्यावर तेच घोकायचे. बापाचे अश्रू, बापाचे अश्रू. तिसऱ्या दिवशी बायकोचे कान किटले.

"अहो, ते रडणं पुरे आता! मला एवढं सांगा, तिच्या आईनं चार बोटं कापड आत का दाबलं? तुम्ही तर दोनच दाबता."

"बेतताना चुकली असेल."

"चुकली? कापड काय फुकट येत होतं त्यांच्याकडे?"

"तुला काय कळतंय कथेतलं," म्हणून मास्तरांनी पुन्हा पायडल हाणलं.

परीक्षेच्या दारात शिपायानं टेप काढून घेतला. म्हणे, "यावर आकडे लिहिलेत, आत चालायचं नाही." गळा मोकळा झाला तसं मास्तरांचं डोकंही मोकळं झालं. समोर चष्मेवाल्या परीक्षक बाई. "मुलगी मोठी कधी होते?"

बाप आठवेना, अश्रू आठवेनात. हाताला सवय, तो टेबलावरच्या कापडाची कड चाचपू लागला. दोन बोटं. बरोबर दोन बोटं दुमड. आणि मास्तरांना बायको आठवली.

"बाई, पोर पुलावर मोठी झालीच नाही. उसवताना झाली."

"ते कसं?"

"वाढत्या पोरीच्या कपड्याला आम्ही दोन बोटं दाबतो. पुढच्या वर्षी आई ती सोडते, त्याच्या पुढच्या वर्षी नवा शिवते. चार बोटं कोण दाबेल? पुढं आपण शिवायला नसणार हे जिला ठाऊक आहे, ती. पोरीनं टाके उसवले आणि तिला कळलं, आईला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून गप बसून शिवत होती. एवढं कळल्यावर पोर लहान राहते होय?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हे गाईडमध्ये नाही."

"गाईडवाल्याला शिवता येत नसेल."

बाईंनी समोरचा कागद पाहिला. "मागच्या दोन खेपांना तुम्ही फ्रॉक आटला म्हणाला होतात."

"चुकलंच ते. चार बोटं आटायला फ्रॉक उकळावा लागेल."

बाई चष्मा काढून हसल्या. आठवड्यानं निकाल लागला. पास.

घरी बायकोनं पहिलं विचारलं ते, "काय सांगितलंत हो तिथं?" मास्तरांनी सांगितलं.

"मग मी वेगळं काय म्हणत होते?"

"तू नुसतं विचारलंस. उत्तर मी दिलं."

"हो का! मग निम्मे मार्क काढा इकडं."

सूनबाई तोंडाला पदर लावून आत पळाली.

सोमवारी शिवणशाळेत एका नव्या पोरीनं झबलं पुढं केलं. "मास्तर, खाली किती दाबू?"

अकरा वर्षं या प्रश्नाला मान वर न करता एकच उत्तर मिळायचं, दोन बोटं. मास्तरांनी गळ्यातला टेप सारखा केला आणि मान वर केली.

"कुणासाठी शिवतेस ते आधी सांग."