सेनाइदाने अर्ज भरला

पीच निवडायच्या पट्ट्यावर सेनाइदा माझ्या डाव्या हाताला उभी राहायची. एक-दोन नाही, वीसहून जास्त हंगाम. पट्टा सुरू झाला की मान वर करायला फुरसत नसते, तरी बायकांची तोंडं चालूच असतात. सेनाइदाचं मात्र बंद असायचं. बायका कुजबुजायच्या, "पहिल्या नंबरची ना ती, आपल्याशी कशाला बोलेल!"

पहिल्या नंबरची होती हे खरं. सीमेपलीकडच्या वाहाकाच्या डोंगरातून आईबापांबरोबर इकडे फ्रेस्नोजवळ आली तेव्हा अकरा वर्षांची होती. घरात मिश्तेक ही डोंगरातली बोली बोलायचे, स्पॅनिशसुद्धा तिला धड येत नव्हती, इंग्रजीचं तर नावच नको. सात वर्षांनी ती गावच्या हायस्कूलात पहिली आली. विद्यापीठाने प्रवेश दिला. पण देशात राहायचे कागद नसलेल्या पोरीला तेव्हा परराज्यातल्यांची चढी फी लागायची आणि मदत म्हणून फुटकी कवडी मिळायची नाही. बाप द्राक्षाच्या वेली छाटणारा. गणिताच्या हागोपियन बाई तिच्या घरी आल्या आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून रडल्या. सेनाइदा रडली नाही. जून लागला तशी ती आमच्या पॅकिंग शेडमध्ये आली. दोनतीन वर्षांनी राज्याने अशा मुलांची फी कमी केली, पण मदत नाहीच. तोवर तिचं फिदेन्सिओशी लग्न झालं होतं आणि लेक इत्सेल कडेवर होती.

मग एका उन्हाळ्यात, जेवणाच्या सुट्टीत, हागोपियन बाई काठी टेकत थेट शेडमध्ये आल्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. म्हणाल्या, "सेनाइदा, कायदा बदलला. इथल्या शाळेत शिकलेल्यांना कागद नसले तरी राज्य कॉलेजसाठी पैसे देणार. फक्त अर्ज भरायचा."

"बाई, मी तेहेतीस वर्षांची आहे."

"मी एकोणऐंशीची आहे आणि बसने आले. बस कर तुझं."

बाया हसल्या. मी नाही हसले. खरं सांगते, माझ्या पोटात दुखलं. मला कागद मिळाले ते एका वर्षीच्या सरकारी माफीत, त्यात माझी कर्तबगारी काडीची नाही, मी फक्त आधी आले होते. पण माझा ऑक्टाव्हिओ, इथल्या मातीत जन्मलेला, कॉलेजचं कर्ज अजून फेडत होता. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "वा! आमच्या पोरांनी कर्ज काढायचं आणि ज्यांनी कुंपणावरून उड्या मारल्या त्यांना सरकारने शिकवायचं!"

सेनाइदाने हातातली मक्याची टॉर्टिया डब्यात ठेवली. आवाज चढवला नाही. चायो म्हणजे मी, आणि दोन्या म्हणजे बाई. "दोन्या चायो, पंधरा वर्षं माझ्या पगारातून कर कापतात. ज्या सरकारी नंबरावर कापतात तो माझा नाही, म्हणून म्हातारपणी त्यातलं मला काही मिळायचं नाही. ते पैसे जातात कुठे? तुमच्या पेन्शनमध्येच ना? मी कधी बोलले का?"

त्यानंतर बराच काळ आमच्यात अबोला होता, आणि चूक माझी होती हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

घरी वेगळंच महाभारत झालं. ते तिने मला पुढे सांगितलं. फिदेन्सिओ भला माणूस, पण भित्रा. भित्रा म्हणू नये खरं तर. त्याच्या भावाच्या गाडीचा मागचा दिवा फुटला होता, पोलिसाने चिठ्ठी फाडली, चिठ्ठीवर पत्ता होता, आणि महिन्याभरात भाऊ सीमेपार, तिहुआनात. तेव्हापासून फिदेन्सिओ लायब्ररीचं कार्डसुद्धा काढू देत नव्हता.

"सरकारला आपणहून पत्ता लिहून द्यायचा? वेड लागलंय तुला?"

"हा पत्ता कॉलेजच्या मदतीसाठी आहे."

"पत्ता तो पत्ता. दार ठोठावणारा विचारत नाही कशासाठी दिला होता."

"फिदेन्सिओ, वीस वर्षं आपण कुठल्याच यादीत नाही. मेलो तरी कुणाला आकडा कमी झालेला कळणार नाही. मला एका यादीत यायचंय."

तिने अर्ज भरला. फिदेन्सिओने कपड्यांची पिशवी भरली आणि चुलतभावाच्या घरी जाऊन राहिला. तीन आठवडे. रोज संध्याकाळी फोन करायचा, "कोण आलं का?" ती म्हणायची, "पाववाला आला होता." चौथ्या आठवड्यात पत्र आलं, मदत मंजूर. तो घरी आला, पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि म्हणाला, "तुझं नाव बरोबर लिहिलंय का?" ती म्हणाली, "एक अक्षरही चुकलं नाही." तो बाहेर जाऊन अंगण झाडायला लागला. भर दुपारी.

तिला परिचारिका व्हायचं होतं. हंगामात शेड, बाकीचे महिने कॉलेज, असं करत सात वर्षं लागली. इत्सेल आणि ती एकाच टेबलावर अभ्यास करायच्या. रसायनशास्त्र आईला आधी समजायचं, कॉम्प्युटर मुलीला. माझा अबोला तिच्या पहिल्या परीक्षेआधी सुटला. मी बीन्सचं पातेलं घेऊन गेले आणि दारातच म्हटलं, "माझी जीभ कापून टाक." ती म्हणाली, "परीक्षेत जिभेचे स्नायू येणारेत, थांबा जरा." तिला चेष्टा करता येते हे मला इतक्या हंगामांत माहीत नव्हतं.

पदवी मिळाली. परवान्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाली. राज्याने परवाना दिला, तिच्या खऱ्या नावाचा. फ्रेस्नोच्या एका हॉस्पिटलने तिला नोकरीसाठी बोलावलं. मुख्य परिचारिकेने हात हातात घेतला आणि म्हणाली, "तीन भाषा! तुझ्यासारखी बाई आम्ही कधीची शोधतोय. फक्त काम करायच्या परवानगीचा कागद आण."

तो कागद वॉशिंग्टनचं केंद्र सरकार देतं, राज्य नाही. लहानपणी आणलेल्या मुलांना परवानगी देणारी एक योजना निघाली होती, पण तिच्या वयोमर्यादेत सेनाइदा बसत नव्हती. एका वर्षाने. शिकायला पैसे राज्याने दिले, परवाना राज्याने दिला, आणि त्या खऱ्या नावावर नोकरी द्यायची मात्र कुणाला मुभा नाही.

त्या जूनला ती पुन्हा माझ्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. मुकादम जाता जाता म्हणाला, "नर्सबाई, आमच्या करांचे पैसे पाण्यातच गेले की." माझ्या हातातला पीच मी इतका दाबला की रस कोपरापर्यंत ओघळला. तिने वर पाहिलं नाही. पट्ट्यावरचं डागाळलेलं फळ उचललं, बाजूला टाकलं, पुढचं उचललं. घरी जाताना गाडीत मात्र ती म्हणाली, "दोन्या चायो, वाईट वाटतं. लोकांना वाटतं मी समजूतदार आहे. नाही. मला रोज वाईट वाटतं."

ऑगस्टमध्ये त्याच मुख्य परिचारिकेचा फोन आला. आबुंदिओ नावाचे एक म्हातारे मजूर होते, साखरेच्या दुखण्याने पाय सडला होता. पाय कापला नाही तर जीव जाणार, आणि ते तीन वेळा नाही म्हणाले होते. डॉक्टर स्पॅनिशमधून समजावत होते, म्हातारा भिंतीकडे बघत होता. वेड्यांच्या डॉक्टरला बोलवायचं ठरलं होतं.

सेनाइदा कामाच्या कपड्यांतच गेली. खुर्ची ओढून बसली आणि मिश्तेकमध्ये विचारलं, "काका, गाव कुठलं?" पाऊण तास ते मक्याबद्दल आणि मेलेल्या बायकोबद्दल बोलले. मग म्हणाले, "कापा म्हणतात. कापलेला पाय टाकणार कुठे? कचऱ्यात? मी बायकोशेजारी अर्धाच जाऊन झोपू?"

एवढंच होतं. कुणी विचारलंच नव्हतं. सेनाइदाने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, पाय परत देता येईल, त्याचे फॉर्म असतात. ते फॉर्म तिनेच भरले. चर्चच्या दफनभूमीत, बायकोच्या थडग्याशेजारच्या कोपऱ्यात हातभर खड्डा खणून पाय पुरला. खणायला फिदेन्सिओ होता. म्हातारा अजून आहे, कुबडीवर चर्चला येतो.

हॉस्पिटलला तिला नोकरी देता येत नव्हती. पण दुभाषी म्हणून स्वतःचा धंदा करणाऱ्याला कामापुरतं बोलावता येतं, तिथे तो कागद लागत नाही. धंद्याची नोंदणी करायची म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पत्ता. या वेळी फिदेन्सिओ तिच्याबरोबर कचेरीत गेला आणि रांगेत उभा राहिला.

आता तिला चार हॉस्पिटलं बोलावतात. ती परिचारिका नाही. इंजेक्शन द्यायला तिचा हात शिकलेला आहे, पण द्यायचं नाही. कुणाची शीर सापडत नसली तर ती मुठी आवळून उभी राहते, असं इत्सेल सांगते. मिश्तेकमध्ये काही अवयवांना शब्दच नाहीत, म्हणून ती म्हाताऱ्या बायकांना विचारत फिरते, पित्ताशयाला तुमच्या गावात काय म्हणायचे? गर्भाच्या वारेला? गावागावाचा शब्द निराळा. दर रविवारी ती चार तरुण मुलींना हे शिकवते. त्यातल्या दोघींकडे कागद नाहीत, दोघींचे कॉलेजचे अर्ज तिनेच भरून दिलेत.

हागोपियन बाई गेल्या वर्षी वारल्या. सेनाइदा त्यांच्या आर्मेनियन चर्चमध्ये अंत्यविधीला सगळ्यात मागच्या बाकावर बसली होती. त्यांच्या मुलाने तिला पुढे नेलं, घरच्या माणसांत.

पॅकिंग शेड मी सोडलं, गुडघे गेले. आज शनिवार, तिने माझ्याकडे जेवायला यायचं कबूल केलं होतं, पण सकाळीच फ्रेस्नोहून फोन आला. डोंगरातून नुकतीच आलेली कुणी सोळा वर्षांची पोर कळा देतेय आणि कुणाला जवळ येऊ देत नाहीये. सेनाइदा गेली आहे. बीन्स मी मंद आचेवर ठेवलेत.