बर्फातली जुनी हवा आणि चालू ठेवलेला फोन

मागच्या महिन्यात एका दुपारी नागावच्या घरी ओटीवर बसून लेकाशी फोनवर भांडत होते. मे महिन्यात येणार, आंबे खाणार असं कबूल केलेलं… आणि आता म्हणतो, जमणार नाही.

कारण काय, तर बर्फ. तो परदेशात एका लॅबमध्ये असतो. ध्रुवाकडे खोल खणून काढलेल्या हजारो वर्षांपूर्वीच्या बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले असतात. तो बर्फ बंद भांड्यात चुरायचा, सुटलेली हवा मशीनमध्ये सोडायची आणि त्यात कार्बन डायऑक्साइड किती, मिथेन किती ते मोजायचं.

मी म्हटलं, इतकी वर्षं थांबलेली हवा अजून महिनाभर थांबली असती. आईचं तसं नाही. बोलून गेले खरी.

हे गेल्यापासून मी एकटीच. शनिवार-रविवार होमस्टेला पाहुणे असतात… सोमवारी चादरी धुवून झाल्या की घर खायला उठतं. आणि हा मात्र तिकडे मजेत आहे, असंच मी धरून चालले होते.

तेवढ्यात आमची मासळीवाली चंद्रामावशी पाटी घेऊन दारात. "बाय, ताजं बोंबील हायेत, घेतंस का न्हाय?" मी फोन ठेवायला गेले.

"ठेवू नकोस ना," तो म्हणाला. "बोलू दे तिला."

फोन तसाच ओटीवर ठेवला. आम्ही भाव केला, एकमेकींना चार शब्द ऐकवले. जाता जाता मावशी फोनकडे वाकून म्हणाली, "मंग्या, कवा येशील रं?"

मावशी गेल्यावर तो म्हणाला, "दिवसभर थंड खोलीत एकटा बर्फ कापतो गं, मग मशीनसमोर एकटा बसतो. मंग्या म्हणून कोणी हाक मारून किती दिवस झाले…"

मला एकदम रडूच आलं. आई ना मी, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये?

मे महिन्यात तो नाहीच येणार. पण हल्ली दुपारी त्याचं मशीन सुरू झालं की फोन येतो. मी खोबरं किसते, तो आकडे बघतो… बोलत कोणीच नाही. तासभर घरात दोन माणसं आहेत असं वाटतं, त्याबद्दल त्या फोनचे आभार.

फक्त आधी कोणी ठेवायचा, तिथे रोज अडतं.